पांढऱ्या दगडापलीकडची चौतीस वळणं

पहिल्या खिंडीच्या पलीकडे,
३ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

ओलांडली! तुझी ताई, वय वर्षं बासष्ट, साडेतीन टनांची हत्तीण हाकत ढगांच्या वर गेली आणि पलीकडे उतरली. हत्तीण म्हणजे आमचं मोटरहोम. रंग तसाच, चाल तशीच, आणि चढावर सुस्कारेही तसेच टाकते. वळणावर कपाटं उघडून चमचे बाहेर यायला लागले, तेव्हा तुझ्या भाऊजींनी आपल्या दोन पायजम्यांच्या नाड्या काढून कपाटं बांधली. आता कपाटं बंद आहेत आणि हे पँट घालून झोपतात.

वर काय दिसलं ते कसं सांगू? आपण रस्त्यावर आणि ढग खाली, तळ्यावर पसरलेले. एका वळणावर नुसतं आकाश समोर आलं, रस्ता संपलाच असं वाटलं, आणि स्टिअरिंग फिरवलं तसा तो पुन्हा पुढ्यात हजर. मी ओरडले. हेही ओरडले. माझं ओरडणं आनंदाचं होतं.

फोन का करत नाहीस म्हणून विचारू नकोस. इथे रेंज नाही, आणि असती तरी फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस. कागदावर तू सापडतोस. पुढच्या गावच्या पोस्टाचा पत्ता खाली दिलाय. तिथे माझ्या नावाने पत्र ठेवायला लिही.

ही गाडी घेतली तेव्हा शेजारचे काय म्हणाले, आठवतंय ना? किल्ली माझ्या हातात, आणि विचारतायत ह्यांना, “चालवणार कोण?” तेहतीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. चार हजार माणसं माझ्या शेजारी बसून शिकली. निम्म्याहून जास्त बायका, आणि त्यांतल्या कितीतरी घरात खोटं सांगून आलेल्या. प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी एकच सांगत आले: जिथे जायचंय तिथे स्वतःला नेता येणं, ही चैन नव्हे, हा हक्क आहे. पण मी स्वतः? सपाट शहर, सरळ रस्ते आणि जन्मभर शेजारची सीट. चार हजारांना हक्क सांगितला, आता स्वतः वापरते आहे.

तेव्हा नीट ऐक. या खिंडी म्हणजे रंगीत तालीम. शेवटी तुझी मोठी खिंड ओलांडून मला तुझ्या दारात हत्तीण उभी करायची आहे. एक ऑक्टोबरला ती बर्फामुळे बंद होते, त्याआधी. तू एकोणतीस वर्षं रोज बस घेऊन ती ओलांडलीस. मी येणार पलीकडच्या बाजूने. त्या बाजूचं वळण अन् वळण मला लिहून पाठव. नकाशावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे.

उतरताना एक गंमत झाली. जळक्या चिंधीसारखा वास यायला लागला. ह्यांनी टोस्टर तपासला, तो थंडगार. डोंगरालाच वास असेल.

तुझी,
ताई

*

घरून,
७ सप्टेंबर

ताईस नमस्कार.

डोंगराला वास नसतो. ते तुझे ब्रेक होते. अजून पाच-सहा वळणं असती, तर हे पत्र मी भाऊजींच्या नावे लिहिलं असतं, आणि तेही वाचायला कुणी उरलं असतं तर.

तुझी चूक कुठे होते ते मला इथे बसून दिसतंय. शिकवणीच्या गाडीत गुरूच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तेहतीस वर्षं तुझा पाय त्या ब्रेकवर टेकलेला राहिला, कारण शेजारी बसलेल्या नवशिक्याचा भरवसा नाही. आता तू स्वतः चालवायला बसलीस, पण पाय अजून शिकवतोय. उतारावर पाय असा टेकून ठेवला की ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत.

उतार सुरू व्हायच्या आधी, वरच दुसरा गिअर टाकायचा. मग गाडी इंजिनावर धरायची. इंजिन ओरडेल, ओरडू दे. ओरडतंय म्हणजे काम करतंय. तुझ्यासारखंच. ब्रेक फक्त वळणाआधी, एकदाच, ठाम दाबायचा आणि सोडायचा. बाकी वेळ पाय खाली चटईवर. पाण्याची टाकीही पायथ्याशीच रिकामी कर. पाणी खाली उतरल्यावरही मिळतं.

मोठ्या खिंडीचं म्हणशील, तर आमच्या बाजूला सव्वीस वळणं. सातव्याला कठड्याचा एक दगड बाहेर आलाय, आरसा सांभाळ. तेराव्याला झरा रस्त्यावर येतो, सकाळी तिथे बर्फाचा पापुद्रा असतो. अठराव्याला समोरून बस आली तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बावीस ते चोवीस एका दमात घ्यायची, मध्ये थांबायला जागा नाही.

पलीकडची बाजू सोपी आहे. एकोणीस वळणं. रस्ता रुंद. काळजी नको.

तुझा,
धाकटा

*

दुसऱ्या खिंडीच्या पलीकडे,
१२ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

गुरुजी, दंडवत! तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचलं. ‘पाय अजून शिकवतोय’ हे वाक्य वाचलं आणि मला भर बाजारात हसू फुटलं. तेहतीस वर्षं मी लोकांच्या खोडी मोजल्या, माझी कुणी मोजलीच नव्हती.

मग दुसरी खिंड. वर पोचल्यावर मी उजव्या पायातला बूट काढून मागे फेकला. अनवाणी पाय चटईवर. चटई पायाला टोचत राहिली, म्हणजे पाय कुठे आहे ते कळत राहिलं. दुसरा गिअर टाकला, हत्तीण अशी काही चीत्कारली की बाजूच्या कुरणातली मेंढरं पळाली. आणि वेग? वाढलाच नाही! ती भलीमोठी उतरंड, खाली दरी, आणि आमची हत्तीण कुणी मागून शेपूट धरल्यासारखी सावकाश उतरतेय. तुझे भाऊजी आपल्या खिशातलं घड्याळ काढून प्रत्येक वळणाची वेळ लिहीत होते. माणूस चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो आणि मग त्याला दरीतही सेकंदकाटाच दिसतो. पायाने मात्र ते माझ्याऐवजी ब्रेक दाबत होते. त्यांच्या बाजूची चटई झिजली आहे. जळका वास? नाही!

आता एक नाजूक गोष्ट. तू लिहिलंस, पलीकडे एकोणीस वळणं. नकाशात चौतीस आहेत. मी तीनदा मोजली, ह्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून मोजली. चौतीस. आणि रस्ता तर मधेमधे एकाच गाडीपुरता. पंधरा वळणं कुठे गेली रे?

रागावू नकोस हं बाळा. वय होतं माणसाचं. आपल्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं, आधी आकडे गेले, मग माणसं. एकोणतीस वर्षं ज्या रस्त्यावर काढली तो विसरणं हे काही लाजण्यासारखं नाही बाळा. वहिनीला म्हणावं, तुला डॉक्टरांकडे घेऊन जा. माझी काळजी करू नकोस, मी आपली नकाशा बघून येईन. फक्त हळूच आठवून बघ, एकविसाव्या वळणावर रस्ता फार अरुंद दिसतोय, तिथे समोरून बस आली तर मागे कुणी घ्यायचं? नाही आठवलं तरी चालेल, बाळा.

तुझी,
ताई

*

घरून,
१६ सप्टेंबर

ताईस नमस्कार.

एका पत्रात तीनदा ‘बाळा’. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे. विसरायला आधी माहीत असावं लागतं. पलीकडची बाजू मी पाहिलेलीच नाही.

बसून वाच.

खिंडीच्या माथ्यावर एक पांढरा रंगवलेला दगड आहे. तिथे आमच्या डेपोची हद्द संपते आणि पलीकडच्या डेपोची सुरू होते. रोज सकाळी अकराला आमची बस या बाजूने वर पोचायची, त्यांची त्या बाजूने. प्रवासी बसून राहायचे. आम्ही दोघं ड्रायव्हर उतरायचो, कपभर चहा प्यायचो आणि बस बदलायचो. माझी बस घेऊन तो पलीकडे उतरायचा, त्याची घेऊन मी माघारी. बस खिंड ओलांडायच्या. आम्ही नाही. संध्याकाळी दोघेही आपापल्या घरी. पद्धत चांगली होती, तिने दोन संसार सांभाळले.

म्हणजे एकोणतीस वर्षं मी अर्धीच खिंड चालवली. दगडापलीकडे रस्ता डावीकडे वळून खडकामागे जातो. तेवढाच मला दिसायचा. त्या खडकामागे काय आहे, देव जाणे.

सांगितलं का नाही? तूच तुझ्या स्कूलच्या प्रत्येक समारंभात भाषण ठोकायचीस, “माझा भाऊ रोज मोठी खिंड ओलांडतो!” टाळ्या पडायच्या. टाळ्यांमध्ये उभं राहून ‘अर्धीच’ कसं म्हणणार? पुढे वाटलं, एखाद्या सुट्टीला तिकीट काढून पलीकडे जाऊन यावं. पण कंडक्टरने विचारलं असतं, “साहेब, तुम्ही आणि तिकीट?” मग वर्षं गेली. मग निवृत्त झालो. हे फक्त तुझ्या वहिनीला ठाऊक आहे.

एकोणीस हा आकडा मी मनाने टाकला. तू खिंडीच्या तोंडाशी येऊन ठेपलीस, माझ्या शब्दावर विसंबून, आणि मी नाक वाचवायला आकडा बनवला. ज्या माणसाने पाय ब्रेकवर ठेवू नको म्हणून तुला सुनावलं, त्यानेच. तू भिंगातून मोजलं नसतंस तर काय झालं असतं, या विचाराने काल रात्रभर डोळा लागला नाही.

त्या बाजूने येऊ नकोस. खालून सपाटीचा रस्ता आहे, दोन दिवस जास्त लागतील. तिथून ये.

धाकटा

*

मोठ्या खिंडीच्या अलीकडचं गाव,
२० सप्टेंबर

धाकट्या,

आधी शिव्या घे. गाढवा! एकोणतीस वर्षं! मी भाषणं देत होते आणि तू व्यासपीठाशेजारी गळ्यात हार घेऊन मान खाली घालून उभा! मला वाटायचं विनय आहे. मी लोकांना सांगायचे, बघा, कर्तबगार माणूस कसा नम्र असतो!

झालं. आता दुसरं ऐक. तू मला सपाटीने यायला सांगतोस? बहिणीला? सपाट रस्त्यावर मी बासष्ट वर्षं काढली. आपण माणसांनी डोंगरात रस्ते खणले ते पायथ्याशी उभं राहून त्यांची कीर्ती सांगायला नव्हे. खडकामागे काय आहे ते बघायला खणले. ज्याला रोज अकरा वाजता तो खडक दिसला आणि तरी ज्याने एकदाही पलीकडे डोकावलं नाही, त्याची मला कीव येत नाही, त्याचा मला राग येतो. कारण त्याला ते बघायचं होतं! तुझ्या पत्राच्या ओळीओळीत ते आहे.

आणि आता माझंही ऐकून घे, नाहीतर तुझ्यावर ओरडायचा मला अधिकार नाही. दुसऱ्या खिंडीत जळका वास आला नाही असं मी लिहिलं. आला होता. शेवटच्या पाच वळणांना पाय आपोआप परत ब्रेकवर गेला. मला कळलंसुद्धा नाही, ह्यांनी नाक वर केलं तेव्हा कळलं. माझ्याही नाकाचा प्रश्न होता.

म्हणजे काय झालं बघ. तुला उतरता येतं, पण तू पलीकडे गेलेला नाहीस. मी पलीकडून येतेय, पण मला उतरता येत नाही. चढायला मला कुणी नको. चढाला हत्तीण आणि मी पुरेशा आहोत. पण उतरताना माझ्या शेजारच्या सीटवर तू हवास. नवशिक्याच्या शेजारी कुणीतरी बसावंच लागतं, हे मी चार हजारांना सांगितलंय.

सत्तावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, पांढऱ्या दगडापाशी. बसने ये. तिकीट काढून.

ताई

*

(पोस्टकार्ड)

२३ सप्टेंबर

ताईस नमस्कार. गुडघा दुखतो आहे. शिवाय त्या बसवरचा ड्रायव्हर माझ्याच हाताखाली शिकलेला, तो काय म्हणेल? येणं जमणार नाही. कृपा करून सपाटीने ये. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाहीये. — धाकटा

*

खिंडीच्या पायथ्याशी,
२७ सप्टेंबर, सकाळी सात

धाकट्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. वर भेटलास तर हातात देईन, नाही भेटलास तर तुझ्या दारात.

टाकी रिकामी केली. नाड्या घट्ट बांधल्या. हे चहा करतायत आणि गुणगुणतायत, म्हणजे घाबरलेत. मीही घाबरले आहे. खिडकीतून वरचा रस्ता दिसतोय, डोंगरावर कुणी दोरा उसवून टाकल्यासारखा. वरच्या टोकाला ऊन पोचलंय, आपण अजून सावलीत.

तुझं कार्ड मिळालं. गुडघा तुझा लहानपणापासून सोयीने दुखतो. परीक्षेच्या दिवशीही दुखायचा.

तू नसलास तरी मी चढणार आहे. अकरा ते साडेअकरा दगडापाशी थांबेन. त्यानंतर बूट काढेन आणि एकटी उतरेन. हा धाक नाही. माझं ठरलंय, एवढंच सांगतेय.

भीती वाटतेय, पण मजा बघ, किती वर्षांनी वाटतेय!

ताई

*

घरून,
१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुम्ही सुखरूप घरी पोचल्याचं कळलं. खिंड एक तारखेला बंद झाली. तुझं पायथ्याचं पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

त्या दिवशी तू समोर बघत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही ते सांगतो.

सत्तावीसला सकाळी तुझ्या वहिनीने माझा डबा भरला, पूर्वी भरायची तसा, आणि दाराबाहेर ठेवून आतून कडी लावली. डबा बाहेर, मी बाहेर. मग गेलो. ड्रायव्हरने मला बघून टोपी काढली. तिकीट मागितलं, तर कंडक्टर म्हणाला, “साहेब, कशाला लाजवता?” मी म्हटलं, “फाड बाबा, बहिणीचा हुकूम आहे.”

बस वेळेआधीच, पावणेअकराला दगडापाशी पोचली. अकराला पलीकडची बस आली. तू नाहीस. सव्वाअकरा. खडकाकडे बघत उभा होतो. एकोणतीस वर्षं बघितला होता, पण कुणाची वाट बघत नव्हतो. मग आवाज आला. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत होतं, आणि त्याच्यावर तू. हत्तीण खडकामागून तोंड काढून बाहेर आली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने विचारलं, “कोण आहे?” मी म्हटलं, “माझी बहीण आहे. तिने पलीकडची बाजू चढून काढली.” एवढंसं भाषण, पण माझं पहिलंच.

तू म्हणालीस, “चल, बस, तुझ्या बाजूला उतरू.” आणि मी म्हटलं, “गाडी वळव.” तुझ्याआधी भाऊजींना कळलं. ते सीट सोडून मागे गेले आणि किटली मांडीवर घेऊन बसले. मी दगडाजवळ क्षणभर अडलो, तर तू खिडकीतून ओरडलीस, “बसतोस की इथेही तिकीट फाडू?”

खडकामागे काय आहे ते आता मला ठाऊक आहे. तळं आहे. एवढं मोठं, हिरवं आणि अगदी पायाखाली. तो पलीकडचा ड्रायव्हर रोज चहा पिताना हवापाण्याच्या गप्पा मारायचा, पण तळ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याला वाटलं असेल, मला माहीत आहे.

मी तुझ्या अनवाणी पायाकडेही बघत होतो. पहिल्या वळणांना अंगठा दोनदा ब्रेककडे गेला. मी नुसतं “चटई” म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही.

मग खालून बस आली, एकविसाव्याला. तू विचारलं होतंस तेच वळण. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पण जायला रस्ता कुठे? मी जमिनीवर पाय इतक्या जोराने दाबला की खरोखरच गुडघा दुखावला. तू एकदाच, ठाम ब्रेक दाबलास, हत्तीण डोंगराच्या कुशीला चिकटवून उभी केलीस, आरसा आत घेतलास, बसला जाऊ दिलंस, आणि पाय परत चटईवर. बसच्या ड्रायव्हरने तुला हात केला. मागून भाऊजी म्हणाले, “अठ्ठेचाळीस सेकंद.” खाली पोचल्यावर तू ब्रेकजवळ नाक नेलंस आणि रस्त्यात नाचलीस. वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून आमच्या बाजूची सव्वीस उतरलीस, आणि मला एकदाही ‘चटई’ म्हणावं लागलं नाही. हत्तीण दारात उभी राहिली तेव्हा वहिनीने कडी काढली.

आता खरं ते सांगून टाकतो, पुन्हा आकडे बनवायचे नाहीत असं ठरवलंय. त्या दिवशी तुम्ही दोघं चौतीस म्हणत होतात आणि मी मान डोलावली. मी तेहतीसच पाहिली. बस पुढ्यात आली तेव्हा मी डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा वळण मागे गेलं होतं. एकविसाव्याचं वर लिहिलं ते सगळं भाऊजींकडून ऐकलेलं.

एकविसावं राहिलंय, ताई. खिंड मेमध्ये उघडते. हत्तिणीचं तेल बदलून ठेव.

तुझा,
धाकटा